तीन वेळा सिंहासनावर बसलेला सुलतान

जो राजा जिंकतो त्याचे पुतळे उभे राहतात. जो रणांगणावर पडतो त्याचे पोवाडे होतात. परंतु जो हरतो, कैद होतो, परत येतो, पुन्हा कैद होतो आणि अखेर म्हातारपणी अंथरुणावर देह ठेवतो, अशा राजाचे काय करावे हे इतिहासालाही नीट उमगत नसावे. जावा बेटावरील योग्याकार्ता संस्थानचा दुसरा सुलतान हमेंगकुबुवोनो हा अशा राजांपैकी एक होता. तो तीन वेळा सिंहासनावर बसला आणि दोन वेळा परक्यांनी त्याला त्यावरून खाली ओढले. पहिल्या वेळी ओढणारे डच होते, दुसऱ्या वेळी इंग्रज. आणि तिसऱ्या वेळी त्याला सिंहासनावर बसवणारे पुन्हा डचच!

इंग्रजांनी हिंदुस्थान कसा जिंकला हे आपण शाळेपासून शिकत आलो. परंतु हिंदुस्थानी शिपायांच्या बळावर इंग्रजांनी आणखी कोणकोणते मुलूख घेतले याचा उल्लेख आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच येतो. या सुलतानाच्या चरित्राकडे मी वळले ती याच कारणाने. वाचता वाचता मात्र माझे लक्ष शिपायांवरून हळूहळू त्या हट्टी वृद्ध माणसावर खिळले, आणि शेवटी पुन्हा शिपायांकडे वळले. तोच क्रम मी या लेखातही ठेवला आहे.

हमेंगकुबुवोनो हे कोणा एका व्यक्तीचे नाव नव्हे, ती पदवी आहे. तिच्यातला ‘बुवोनो’ म्हणजे आपला ‘भुवन’ हा शब्द. भुवनाला मांडीवर घेऊन सांभाळणारा, असा त्या पदवीचा भाव. योग्याकार्ता हे नावही अयोध्येवरून पडले असे मानतात. धर्माने मुसलमान असलेल्या या राजघराण्याने रामायण-महाभारताच्या कथा कधी टाकल्या नाहीत. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांवर चालणाऱ्या त्यांच्या नाट्यात अर्जुन आणि भीम आजही पडद्यावर येतात.

या पदवीचा पहिला मानकरी मांगकुबुमी हा राजपुत्र. मातारमच्या जुन्या राज्यात तो आधी आपल्या भावाविरुद्ध, मग पुतण्याविरुद्ध आणि त्या दोघांमागे उभ्या असलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध अनेक वर्षे रानोमाळ लढला. या धामधुमीतच ७ मार्च १७५० रोजी सुंदोरो पर्वताच्या उतारावर त्याला मुलगा झाला. पर्वताच्या नावावरूनच मुलाचे नाव सुंदोरो ठेवण्यात आले. हाच आपल्या लेखाचा नायक. राजपुत्र असूनही त्याचा जन्म राजवाड्यात न होता लढाईच्या छावणीत झाला, ही गोष्ट त्याचा पुढचा स्वभाव समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवावी.

१३ फेब्रुवारी १७५५ रोजी गियांतीचा तह झाला आणि मातारमचे दोन तुकडे पडले. सुराकार्ता जुन्या शाखेकडे राहिले व मांगकुबुमी योग्याकार्ताचा पहिला सुलतान झाला. डचांनी काका-पुतण्यांतले भांडण मिटवले खरे, पण राज्याची वाटणी करून मिटवले. भाऊबंदकीत तिसरा पंच आला की पंचाचेच शेत वाढते, हे आपल्या खेड्यांतील कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

युवराज म्हणून सुंदोरोने बापाच्या हाताखाली दीर्घकाळ काढला. १७७४ साली जावाच्या पंचांगातील सतरावे शतक पुरे होत होते. शतक संपले की राज्य बुडते अशी तिकडे समजूत होती. राज्य बुडणार नाही, ते नव्याने सुरू होईल, अशा आशयाचा एक मोठा पद्यग्रंथ त्या सुमारास युवराजाच्या नावावर तयार झाला. तो राजवाड्यात पवित्र मानला गेला. पुढे १७८० नंतरच्या दशकात त्याने राजवाड्याभोवती बुरुजांची भक्कम तटबंदी उभारली. तिची प्रत्येक बाजू सुमारे एक किलोमीटर भरते. डचांना ही तटबंदी आवडली नाही, परंतु ती त्यांना थांबवताही आली नाही. युवराजाला बागा, तळी आणि विश्रामवाडे बांधण्याचाही मोठा शौक होता. वारुंगबोतो येथील त्याच्या विश्रामवाड्याचे अवशेष अजून पाहायला मिळतात. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हे तट आणि ही तळी रयतेच्या वेठबिगारीतून उभी राहिली. राजाचे चरित्र लिहिताना बांधकामाचे श्रेय राजाला देण्याची प्रथा आहे. दगड वाहणाऱ्यांची नावे कोणत्याच बखरीत नसतात.

मार्च १७९२ मध्ये वृद्ध पिता वारला आणि २ एप्रिल रोजी बेचाळीस वर्षांचा सुंदोरो दुसरा हमेंगकुबुवोनो म्हणून गादीवर आला. पहिली काही वर्षे सुरळीत गेली. डच कंपनीच दिवाळखोरीकडे चालली होती. १७९९ च्या अखेरीस ती कायमची बंद पडली आणि तिचा कारभार डच सरकारकडे गेला. योग्याकार्ताच्या दरबारात डचांचा रेसिडेंट असे. परंतु तो सुलतानापुढे टोपी काढून येई, त्याच्यापेक्षा खाली बसे, आणि दरबारी रिवाजानुसार सुलतानाला विडा व पेय देण्याचे कामही त्याच्याकडे असे. सत्ता कोणाच्या हातात किती आहे हे दोघेही जाणून होते. पण चारचौघांत मान सुलतानाचा होता.

हा रिवाज एका माणसाने मोडला. युरोपात नेपोलियनने हॉलंडच्या गादीवर आपल्या भावाला बसवले होते. त्याने नेमलेला डेंडल्स हा गव्हर्नर-जनरल जानेवारी १८०८ मध्ये जावात उतरला. त्याच वर्षी त्याने हुकूम काढला की यापुढे रेसिडेंट हा राजाचा प्रतिनिधी समजला जाईल, तो टोपी काढणार नाही, विडा देणार नाही, त्याच्यावर छत्र धरले जाईल, सुलतानाने उठून त्याचे स्वागत करावे आणि तो सुलतानाच्या शेजारी, त्याच्याच उंचीच्या आसनावर बसेल.

आजच्या वाचकाला हे सारे पोरकट वाटेल. खुर्ची चार बोटे वर काय आणि खाली काय! सुराकार्ताच्या राजाने असाच विचार करून हे नियम मान्य केले. दुसऱ्या हमेंगकुबुवोनोने ते मनापासून कधीच मानले नाहीत. मला वाटते, येथे त्याला नुसते हेकट म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या गावातही कोणी ओट्यावर बसावे, कोणी पायरीवर आणि कोणी अंगणात उभे राहावे, याचे नियम होते. ज्यांनी ते भोगले त्यांना आसनाची उंची ही लहान गोष्ट वाटत नाही. माणूस कोठे बसतो यावरून त्याचे म्हणणे ऐकले जाणार की नाही हे ठरते. सुलतानाला हे कळत होते. दुर्दैव एवढेच, की त्याला ते फक्त स्वतःच्या आसनापुरते कळत होते.

खुर्चीपाठोपाठ पैसा आला आणि जमीनही. उत्तर किनारपट्टीच्या मोबदल्यात डच दोन्ही दरबारांना दरसाल ठरावीक रक्कम देत असत. तीही डेंडल्सने बंद केली. सागाच्या जंगलांवर त्याचा डोळा होता. नोव्हेंबर १८१० मध्ये सुलतानाचा जावई आणि पूर्वेकडील मुलखाचा सरदार राडेन रोंगो याने बंड केले. ते डिसेंबरात मोडले गेले व रोंगो मारला गेला. डेंडल्स हजारोंची फौज घेऊन स्वतः योग्याकार्तावर चालून आला. ३१ डिसेंबर १८१० रोजी सुलतानाला पदच्युत करून त्याच्या मुलाला कारभारी नेमण्यात आले. बापाला वाड्यातच राहू दिले. लोक आता त्याला थोरला सुलतान म्हणू लागले.

पण बंदिवान व्हायचा ज्याचा स्वभावच नव्हता तो गप्प कसा बसणार? ऑगस्ट १८११ मध्ये इंग्रजांचे आरमार जावाच्या किनाऱ्यावर आले. हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो स्वतः या मोहिमेबरोबर होता. २६ ऑगस्टला बटाव्हियाजवळची डचांची मुख्य ठाणी पडली आणि सप्टेंबरात डचांनी शरणागती लिहून दिली. डच आणि इंग्रज एकमेकांत गुंतलेले पाहून थोरल्या सुलतानाने संधी साधली. मुलाला बाजूला सारून त्याने गादी परत घेतली. डचांच्या बाजूचा म्हणून आपल्याच दिवाणाला त्याने ठार मारविले. हे क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. परकीयांशी ताठ मानेने वागणारा हा माणूस आपल्या लोकांशी उदारपणे वागे असे म्हणता येणार नाही.

जावाचा कारभार आता रॅफल्स या तीस वर्षांच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. पुढे सिंगापूरचा संस्थापक म्हणून प्रसिद्धी पावलेला तो हाच. डिसेंबर १८११ मध्ये तो योग्याकार्ताला भेटीस आला आणि पुन्हा आसनांच्या उंचीचा प्रश्न उभा राहिला. भर दरबारात हत्यारे उपसली जाण्याची वेळ आली. जवळ पुरेशी फौज नसल्यामुळे रॅफल्सने प्रकरण आवरते घेतले आणि तह करून सुलतानाची गादी मान्य केली. मात्र तो हे विसरला नाही. सुलतानाचा सावत्र भाऊ नातोकुसुमो आणि पदच्युत युवराज या दोघांशी इंग्रजांनी संधान बांधले. इकडे सुलतान आणि सुराकार्ताचा राजा यांच्यात इंग्रजांविरुद्ध गुप्त पत्रव्यवहार चालला होता. तो उघडकीस आला आणि रॅफल्सला हवे ते निमित्त मिळाले.

२० जून १८१२ रोजी पहाटे इंग्रजांनी राजवाड्यावर चढाई केली. तटाच्या आत सुलतानाची हजारो माणसे होती. बाहेर गोरे सैनिक आणि हिंदुस्थानी शिपाई मिळून सुमारे बाराशे, आणि त्यांच्या मदतीला जावातल्याच दुसऱ्या एका संस्थानची, मांगकुनेगारानची तुकडी. आधी दोन दिवस तोफा चालल्या होत्या. ईशान्येचा बुरूज उद्ध्वस्त झाला. शिड्या लावून शिपाई तटावर चढले आणि सूर्य डोक्यावर येण्याआधीच वाडा पडला. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले व जखमी मिळून सुमारे शंभर भरले. आतल्यांची प्रेते कोणी मोजली नाहीत.

या चढाईचा सेनापती गिलेस्पी याचे नाव आपल्याला परके नाही. १८०६ साली वेल्लोरच्या किल्ल्यात हिंदी शिपायांनी उठाव केला तेव्हा तो निर्दयपणे मोडणारा गिलेस्पी हाच. १८१४ मध्ये डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या किल्ल्यावर गुरख्यांशी लढताना तो मारला गेला. योग्याकार्ताच्या चढाईत त्याच्या हाताला जखम झाली, पण लुटीतला मोठा वाटाही त्याच्याच पदरी पडला.

लूट कित्येक दिवस चालू होती. सोने, रुपे, जडजवाहीर तर गेलेच, शिवाय राजवाड्यातील हस्तलिखितांचा संग्रहही बैलगाड्या भरभरून गेला. हस्तलिखितांवर डोळा असणाऱ्यांत स्वतः रॅफल्स होता, रेसिडेंट क्रॉफर्ड होता आणि कर्नल कॉलिन मॅकेन्झी होता. मॅकेन्झी म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातील शिलालेख, बखरी आणि कैफियती गोळा करणारा, पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर-जनरल झालेला तोच विद्वान. विद्येची आवड आणि लूट या दोन गोष्टी एकाच हाताने होऊ शकतात, हे वाचून मला अस्वस्थ वाटले. युवराजपणी सुलतानाच्या नावावर झालेला तो पद्यग्रंथ मात्र योग्याकार्ताला उरला. लुटीतील पंचाहत्तर हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती ब्रिटिश लायब्ररीने मार्च २०१९ मध्ये आजचे सुलतान दहावे हमेंगकुबुवोनो यांच्या हवाली केल्या. मूळ पोथ्या लंडनलाच राहिल्या.

सुलतान कैद झाला. त्याच्या मुलाला, तिसऱ्या हमेंगकुबुवोनोला, इंग्रजांनी गादीवर बसवले. भाऊ नातोकुसुमो याला पाकुआलाम या नावाने वेगळी जहागीर तोडून दिली. केडूसारखा सुपीक प्रांत राज्यातून निघून गेला. जकातनाक्यांचे मक्ते परक्यांच्या हातात गेले. बासष्ट वर्षांच्या सुलतानाला समुद्रापार पेनांग बेटावर पाठवण्यात आले. १८१५ मध्ये तो जावात परत आला. १८१६ मध्ये इंग्रजांनी जावा डचांना परत दिला. डचांनाही हा म्हातारा जवळ नकोच होता. १८१७ मध्ये त्याची रवानगी दूर पूर्वेला आंबोन बेटावर झाली.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते ते आठवावे. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा पाय पक्का रोवला गेला होता. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्तास धाडण्यात आले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले गेले. भावाला भावाविरुद्ध उभे करणे, तहात मुलूख कापून घेणे आणि राजाला त्याच्या माणसांपासून दूर नेऊन ठेवणे, ही रीत एकच होती. जावाचा इतिहास वाचताना आपलाच इतिहास दुसऱ्या नावांनी वाचतो आहोत असे वाटते ते यामुळे.

आंबोनला सुलतान आठ वर्षे राहिला. तोवर योग्याकार्तात त्याचा मुलगा १८१४ मध्ये आणि नातू चौथा हमेंगकुबुवोनो १८२२ मध्ये वारला होता. गादीवर जेमतेम तीन वर्षांचा पणतू बसवलेला होता. जकाती आणि जमिनींचे खंड यांनी रयत पिळून निघाली होती. जुलै १८२५ मध्ये सुलतानाचाच दुसरा नातू राजपुत्र दिपोनगोरो याने डचांविरुद्ध युद्ध पुकारले. सव्विसाव्या वर्षी आजोबांचा वाडा लुटला जाताना त्याने पाहिला होता. शेतकरी, फकीर आणि सरदार सारेच त्याच्या झेंड्याखाली आले आणि डचांची सत्ता हादरली.

आता डचांना आंबोनच्या कैद्याची आठवण झाली. थोरला सुलतान परत आला तर लोक नातवाला सोडून आजोबाकडे येतील अशी त्यांची अटकळ होती. १८२६ मध्ये शहात्तर वर्षांच्या त्या वृद्धाला आणून तिसऱ्यांदा सिंहासनावर बसवण्यात आले. ज्या डचांनी आसनाच्या उंचीवरून त्याला पदच्युत केले होते, त्यांनीच त्याला हात धरून त्या आसनावर चढवले. लोक मात्र आले नाहीत. सिंहासनाभोवती आता डचांची संगीनधारी फौज होती आणि राज्य रानात, दिपोनगोरोबरोबर होते. ३ जानेवारी १८२८ रोजी थोरला सुलतान वारला. त्याच्या घराण्याचे दफन इमोगिरीच्या टेकडीवर होत असे, पण तो प्रदेश युद्धात सापडला होता. म्हणून त्याला कोतागेडे येथे, मातारमच्या मूळ पुरुषाच्या कबरस्तानात पुरण्यात आले. नातवाशी चाललेल्या लढाईने आजोबाची कबरही बदलली. दिपोनगोरो मार्च १८३० मध्ये वाटाघाटीला गेला असता पकडला गेला व १८५५ मध्ये मकासारच्या कैदेत वारला. त्या पाच वर्षांत जावातील सुमारे दोन लाख माणसे मेली असे इतिहासकार मानतात.

आता शिपायांकडे वळते. १८१२ च्या त्या लुटीला जावाचे लोक ‘गेगर सेपेही’ म्हणतात. गेगर म्हणजे दंगा, गोंधळ. आणि सेपेही म्हणजे आपला शिपाई! रॅफल्सचे नाव नाही, गिलेस्पीचे नाही, इंग्रजांचेही नाही. जावाच्या स्मरणात त्या दिवसाला नाव लागले ते आपल्या देशातून पगारासाठी गेलेल्या माणसांचे. ते बहुतेक बंगालच्या पलटणीतले होते. कोणा महत्त्वाकांक्षेने ते समुद्र ओलांडून गेले नव्हते.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्याकडे ना बखर, ना सनद. खापरपणजोबांविषयी घरात एवढेच सांगतात, की ते पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. तिकडे त्यांनी काय केले हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बसऱ्याच्या लोकांनी त्यांना कोणत्या नावाने लक्षात ठेवले असेल, हा प्रश्न गेगर सेपेही हे शब्द वाचेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. जित आणि जेते अशी इतिहासाची दोनच दालने आपण करतो. पण स्वतः जित असून दुसऱ्याला जिंकायला गेलेल्या या माणसांना कोणत्या दालनात बसवायचे?

याला एक पुरवणी आहे. १८१५ मध्ये जावातील याच हिंदी शिपायांनी इंग्रजांविरुद्ध कट केला आणि सुराकार्ताच्या राजाशी संधान बांधले. घरापासून फार दिवस दूर ठेवल्याचा आणि आपल्याला डचांच्या चाकरीत सोडून देतील या अफवेचा संताप त्यामागे होता. कट वेळेआधीच फुटला आणि पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तीन वर्षांपूर्वी जावाच्या एका राजाला खाली ओढणारे हात दुसऱ्या राजाकडे मदतीसाठी पसरले होते.

दुसरा हमेंगकुबुवोनो थोर होता असे मी म्हणणार नाही. तो क्रूर होता, संशयी होता आणि रयतेचे दुःख त्याला फारसे दिसले नाही. परंतु माणसाला खाली बसवले की हळूहळू त्याचे सारेच काढून घेता येते, हे त्याने अचूक ओळखले होते आणि त्यासाठी राज्य, मुलगा, घर व स्वदेश एवढे सगळे घालवले. त्याचा हा हट्ट त्याच्या एकट्यासाठी होता म्हणून तो हरला. तोच हट्ट नातवाने रयतेच्या वतीने धरला तेव्हा डचांना त्यासाठी पाच वर्षे रक्त आटवावे लागले. राजाच्या आसनापेक्षा अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या जागेचा प्रश्न मोठा असतो. आपल्या पिढीने इतिहास वाचताना त्या माणसाकडे आधी पाहावे, मग तो दगड वाहणारा बिगारी असो की शिडीवर चढणारा शिपाई, एवढेच मला या चरित्रातून सांगावेसे वाटते.